आमच्या सुनेची सैल बेअरिंगं

आमच्या सुनेला तिचे सासरे काबाई म्हणतात. माणसांना नावं ठेवायची त्यांना हौसच आहे, पण हे नाव तिने स्वतः कमावलंय. काहीही सांगा, ती आधी "का?" विचारणार. लग्न होऊन नवी नवी आली होती, तेव्हा मी म्हटलं, दूध उतू जाईल, गॅस बारीक कर. तर म्हणाली, "आई, दूधच का उतू जातं? पाणी का नाही जात?" मी म्हटलं, बाई गं, मला या घरात संसार करायला आणलं होतं, परीक्षा द्यायला नाही. तेवढ्यात दूध उतू गेलंच.

आता ही बाई स्पिंडल दुरुस्त करते. स्पिंडल म्हणजे काय, ते मला कळलंय तेवढं सांगते. कारखान्यातल्या यंत्रात एक दांडा गरगर फिरतो. त्याच्या टोकाला घासायचा दगड नाहीतर कापायचं हत्यार बसवतात. तो दांडा म्हणजे स्पिंडल, आणि त्याला दोन्ही अंगांनी धरून ठेवतात ती बेअरिंगं. हे सगळं ज्यात बसतं ते बाहेरचं लोखंडी घर मात्र फिरत नाही. एका बांगडीत दुसरी बांगडी आणि मध्ये पोलादाच्या गोळ्या, झालं बेअरिंग. दिसायला खेळणं. पण दांडा केसाच्या कितव्या तरी भागाइतका लटपटला, तरी कारखान्यातला माल वाया जातो म्हणे. केसाचे भाग कसे करतात, ते मी विचारलं नाही. घरात एक काबाई पुरे.

आमचं राहणं वर आणि दुकान खाली. दुकान म्हणायचं, पण विकायला काही नाही, सगळा दुरुस्तीचा कारभार. शटर उघडलं की पुढे तेलकट फरशी, बाक, यंत्रं, आणि मागे काचेची आतली खोली. बेअरिंगं बसवायची ती तिथे. तिथे चप्पल नको, पंखा नको, खिडकी उघडी नको. शिंक आली तर बाहेर येऊन शिंकायचं. आमच्या ह्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कधी पाय पुसले नाहीत, पण त्या खोलीत शिरताना हात धुतात ते असे, की बघणाऱ्याला वाटावं डॉक्टर आहेत.

धंदा खरं तर मुलाने घ्यायचा. पण त्याला लहानपणापासून ग्रीसची शिसारी. तो औषधांच्या दुकानात लागला, हात कसे पांढरेशुभ्र. सून मात्र एकदा चहा द्यायला म्हणून खाली गेली ती वर येईना. मी जिन्यातून वाकून पाहिलं तर बाईसाहेब विचारतायत, "बाबा, या दोन बेअरिंगांना खोकं एकच का?"

"जुळी आहेत. कारखान्यात एकमेकांच्या मापाने घासलेली असतात. जोडी फोडायची नसते."

"आणि फोडली तर?"

"तर मी तुला माहेरी पोचवून येईन."

ती हसली आणि तिथेच बसली. ती बसली ती बसलीच. पुढे पुढे दांडे उघडणं, पुसणं, मोजणं, सगळं तीच करायला लागली. वर माझ्याकडे आली की पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकायची, कान खाली.

ह्यांचा एक मंत्र होता, ढिलं ते फुकट. त्याचं असं, की बेअरिंगांची जोडी बसवली की दोन्ही एकमेकांना दाबून धरतात, म्हणजे मधल्या गोळ्यांना हलायला जागा उरत नाही. हा दाब कारखान्यातूनच ठरून येतो. हलका, मधला आणि जोराचा. ह्यांनी जन्मभर जोराचाच घेतला. त्यांचं शिक्षण झालं ते मोठ्या थोरल्या लेथ यंत्रांवर. तिथे दांडा सावकाश फिरतो आणि धक्के मात्र दणदणीत खातो. तिथे घट्टच हवं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा हात. दांडा तयार झाला की बाकावर चालू करून सोडायचा, डावा तळहात त्याच्या घराच्या पोटावर ठेवायचा, उजव्या हातात चहा. कप रिकामा होईपर्यंत तळहात टिकला की निकाल द्यायचा, "गार आहे. घेऊन जा." गिऱ्हाइकं त्यावर मान डोलवायची. सुनेने एकदा लोखंडाचा ताप मोजायचं यंत्र आणलं, तर म्हणाले, "हे आजारी माणसाला लाव. आपल्याकडे हात आहे." यंत्र गेलं ड्रॉवरमध्ये.

मग त्यांचे हात कापायला लागले. फार नाही, पण आतल्या खोलीत थोडंही चालत नाही. एके दिवशी पंपवाल्यांचा दांडा आला, तेव्हा जेवताना म्हणाले, "काबाई, याची बेअरिंगं तू निवडायची. सगळं तूच. जमलं तर दुकान तुझं. नाही जमलं तर शटर खाली ओढू आणि जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकू. अर्धवट काम करणारं दुकान मला बघवणार नाही."

सुनेच्या हातातला घास हातातच राहिला. मी म्हटलं, "अहो, हे काय बोलणं झालं?" तर म्हणाले, "बोलणं नाही, ठरलंय." आमच्या ह्यांचं ठरलं की ते दगडावरची रेघ. मी सुनेकडे बघत राहिले. खालची खोली गेली तर ही पोरगी कुठे बसेल, तेच मला दिसेना.

पंपवाले म्हणजे पंपाचे छोटे भाग करणारं आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या यंत्रात बोराएवढा दगड भोकाच्या आत शिरून भोक घासतो. दगड जेवढा लहान, तेवढा तो जोरात फिरवावा लागतो. बोलायला मोठे मिश्कील. दांडा ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, हे माझं यंत्र माझ्या बायकोपेक्षा जास्त ओरडतं." मी म्हटलं, "म्हणजे घरी तुम्ही कान काढून बसता वाटतं." ते हसले, पण लगेच सुनेला म्हणाले, "बघ बाई, काम अडलंय."

सुनेने शिकवलं होतं तेच केलं. जोराच्या दाबाची जोडी आणली, खोलीत बसून बसवली, दांडा चालू केला. ह्यांनी तळहात ठेवला, चहा प्यायला, निकाल दिला, "गार." पंपवाले घेऊन गेले. मी देवापुढे नाही, सुनेपुढेच साखर ठेवली.

थोड्याच दिवसांत पंपवाले परत. दांडा चादरीत गुंडाळलेला, चेहरा असा, की कुणाला पोचवून आलेत. सुनेने उघडला. आत ग्रीस काळं पडलेलं, करपल्याचा वास. गोळ्यांचा रंग गेलेला.

मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. हे म्हणाले, पंपवाल्यांच्या यंत्रातला दांडा फिरवणारा पट्टा जास्त ताणलेला असणार. पंपवाले म्हणाले, बेअरिंगं नकली असणार. बेअरिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ग्रीस चुकलं असणार. आणि सून म्हणाली, मीच चुकले असणार. मी म्हटलं, सगळ्यांचं बरोबर असेल तर मग एवढं एकच बेअरिंग जळलं हे नवल!

"अजून एकदाच," पंपवाले म्हणाले. "पुन्हा जळलं तर मी दुसरीकडे बघतो. राग नको."

ह्यांनी सुनेकडे बघितलंही नाही. फक्त म्हणाले, "अजून एकदाच."

सुनेने बेअरिंग करणाऱ्या कंपनीतल्या माणसाला फोन लावला. तो भला माणूस होता. दांडा किती जोरात फिरतो, ग्रीस कोणतं, किती भरलं, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, "आणि तुमच्याकडे चालवून बघितलं तेव्हा किती तापलं होतं?"

"तापलंच नव्हतं. गार होतं."

"बाई, गार होतं तर जळलं कसं?"

हा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला तो पाहुणा काही हलेना. सून भाजी निवडताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. गार होतं तर जळलं कसं? मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी वेड्या होणार." मी म्हटलं, "दोघी का? मी आधीच झाले." ह्यांच्यापुढे प्रश्न काढला की ते ताटावरून उठायचे. "म्हणजे माझा हात खोटं बोलतो?"

मग एके दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. बाकावर लाकूडकामाच्या यंत्राचा कसलासा दांडा चालू होता, तोही भिंगरीसारखा फिरणारा. हे त्याच्यावर तळहात ठेवून खुशाल बसलेले. ट्रे ठेवायला जागा नाही, बाकावर पाने-हातोड्यांचा बाजार. मी तोल सावरायला म्हणून त्याच दांड्याच्या घरावर हात टेकवला, आणि किंचाळले.

"अगंबाई! तवा आहे की काय हा!"

"नाटकं नको करूस," हे म्हणाले. "चांगला गार आहे."

आणि त्यांचा तळहात तिथेच. माझा लाल झालेला. सुनेने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा त्यांच्या. मग तिने स्वतःचं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तिने ड्रॉवर उघडला, ते ताप मोजायचं यंत्र काढलं आणि लावलं. आकडा मला कळला नाही. तिचा चेहरा कळला.

तिने हळूच त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला. "बाबा, पोळतंय ना."

ह्यांनी आपला तळहात उलटा करून पाहिला. जणू कुणी दुसऱ्याचा हात त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता. आणि मी उभी राहून मनातल्या मनात कपाळाला हात लावत होते. कारण हा माणूस चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवतो, आणि मी शेजारणीला कौतुकाने सांगत आले होते, आमच्या ह्यांचा हात म्हणजे लोखंड! जन्मभर घासून कातडी मेली, की त्यांच्या साखरेच्या आजाराने नसा झोपल्या, ते डॉक्टरांनाही अजून धड सांगता येत नाही. एक डॉक्टर हे म्हणतात, दुसरे ते.

"मग इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत होतो?" ह्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं नसेल, बाबा. अलीकडचंच असेल."

"तुला कसं कळलं?"

सुनेने दांडा बंद केला. मग म्हणाली, "नाही कळलं."

मला ती खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण ती तशी नाही.

तेवढ्याने प्रश्न सुटला असं कुणाला वाटेल. सुटला नाही. दांडा आपल्याकडेच तापत होता, एवढं कळलं. का तापत होता, ते पुढेच होतं. सूनबाई बेअरिंगांचं जाडजूड पुस्तक उघडून तक्ते बघत बसल्या, आणि मग मला समोर बसवून समजावायला लागल्या. तिला दुसऱ्याला सांगितल्याशिवाय स्वतःला कळत नाही.

"आई, दांडा फिरला की तापतो. तापला की फुगतो. फुगला की बेअरिंग आपोआप घट्ट होतं. आधीच घट्ट असेल तर फुगायला जागा कुठे? म्हणून जोरात फिरणाऱ्याला हलक्या दाबाची जोडी हवी."

मी म्हटलं, "पण बरणीचं झाकण अडकलं की आपण ते तापवतो, तेव्हा ते सैल होतं. घट्ट नाही."

ती थांबली. डोळे बारीक केले. "ते झाकण बाहेरून असतं ना. बाहेरचं फुगलं की सैल."

"मग तुझ्या बेअरिंगात आतली बांगडी फुगते की बाहेरची?"

"दोन्ही. पण आतली जास्त तापते."

"का?"

"बाहेरची घराला चिकटलेली, तिची ऊब निघून जाते. आतली कुठे जाणार?" असं म्हणून ती पुन्हा पुस्तकात शिरली, कारण माझ्या झाकणाने तिचा भरवसा हलला होता. मला वाईट वाटलं. माणसाने शिकलं नसेल तर निदान बरणीची उदाहरणं देऊ नयेत.

बेअरिंगवाल्याकडे तिच्याबरोबर मीही गेले, पिशवी धरायला. त्याच्या फळीवर सगळी जोराच्या दाबाचीच खोकी.

"हलकी? पंपवाल्यांसाठी?" तो म्हणाला. "बाई, मिस्त्रींना, तुमच्या सासऱ्यांना, विचारलंत का? लोक हीच नेतात."

"लोकांचे दांडे एवढे फिरतात का?"

"ते मला काय ठाऊक? लोक नेतात, परत येतात, पुन्हा नेतात."

"परत का येतात, हे कधी विचारलंत?" सून म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. "आजी, ही घरीही अशीच का?"

"घरी जास्त," मी म्हटलं. "तुमची सुटका स्वस्तात झाली. मागवून द्या."

हलकी जोडी आली. सून आतल्या खोलीत गेली आणि हे काचेबाहेर स्टूल टाकून बसले. मी त्यांच्या मागे. तिने बांगडीवरची खुणेची रेघ रेघेला जुळवली, बेअरिंग जरा गरम करून दांड्यावर सरकवलं, सुईविना पिचकारीने थोडंसं ग्रीस सोडलं.

"एवढंच?" हे काचेतून ओरडले. "चिमणीला चारा घालतेस का?"

ती आतून काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. काच फार चांगली आहे आमची.

दांडा बाहेर आला. ह्यांनी बोटांनी फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. "सैल आहे." मग मला म्हणाले, "तू बघ." मी फिरवला. खरंच, हलकाच फिरत होता. मला तर सैलच वाटला. काय बोलावं कळेना, म्हणून मी म्हटलं, "छान आहे," आणि दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

"काबाई, हे मी कुणाच्या यंत्रात घातलं असतं तर लोक हसले असते."

"मलाही भीती वाटतेय, बाबा. पण घट्ट घालून काय झालं ते आपण पाहिलं."

"ते पाहिलं. म्हणून हे बरोबर, असं कसं?"

तिने दांडा बाकावर चढवला.

आधी सावकाश फिरवला. ताप मोजायचं यंत्र चिकटवून ठेवलेलं. आकडा चढायला लागला. हे म्हणाले, "बघ!" तिने बंद केलं, निवू दिलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा चढला. जरा जोर वाढवला. आणखी चढला. नेमके त्याच वेळी पंपवाले दारात. माणसाला यायला वेळ कशी सापडते बघा.

"तापतंय का?"

"तापतंय," सून म्हणाली.

"मग?"

"थांबा जरा."

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "अगं, हे तापायचंच असतं का?"

"नवं ग्रीस पसरेपर्यंत तापतं, आई. मग उतरतं," ती पुटपुटली. "पण बेअरिंग चुकीचं निवडलं असेल तरी तापतंच. सुरुवातीला दोन्हीची लक्षणं एकच."

"मग तुला कळणार कसं?"

"उतरलं तर."

म्हणजे वाट बघण्याचं शास्त्र. यासाठी एवढं जाडं पुस्तक! आकडा अजून चढत होता. पंपवाले रुमालाने मान पुसत होते. आणि बाकाच्या कडेला जे लाल बटण आहे, त्याच्यावर ह्यांचं बोट होतं. त्यांच्या दुकानात दांडा एवढा तापू द्यायची रीत नव्हती. दुसरा कुठला दिवस असता तर दाबून मोकळे झाले असते, आणि मग शटरही तसंच ओढलं असतं. मला ते दिसत होतं. सुनेलाही दिसत होतं, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती, आकड्याकडे बघत होती.

"बंद करू?" ह्यांनी विचारलं.

मी या माणसाबरोबर अख्खा जन्म काढलाय. बंद करण्याआधी त्यांनी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही.

"नको, बाबा."

"जळेल."

"जळेलही. पण आत्ता थांबवलं तर कळणारच नाही."

त्यांनी बोट उचललं. उचलून काय करावं ते न सुचल्यासारखं हात खिशात घातला.

आकडा चढला, मग चढायचा थांबला. बराच वेळ जागचा हलेना. मग एक उतरला. पुन्हा एक चढला. पंपवाले म्हणाले, "याचं काय चाललंय?" मग पुन्हा उतरला, आणि उतरतच गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हे जिंकणं आहे की आणखी काही, याची कुणालाच खात्री नव्हती. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही हात लावा." मी घाबरत घाबरत तळहात ठेवला. कोमट. तान्ह्या पोराला पाजायचं दूध आपण मनगटावर थेंब टाकून बघतो ना, तसं.

"कोमट आहे," मी म्हटलं. दुकानात मी दिलेला तो पहिला निकाल.

पंपवाले दांडा घेऊन गेले. यावेळी परत आले ते पेढे न आणता, रिकाम्या हातांनीच, पण हसत. म्हणाले, "यंत्र गप्प झालंय हो. मलाच चुकल्या-चुकल्यासारखं होतंय." त्यांच्या यंत्राचं अजून बरं चाललंय. बेअरिंगामुळे, ग्रीसामुळे, की त्यांनी मधल्या मधे गुपचूप पट्टा सैल केला म्हणून, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

शटरचं पुन्हा नाव निघालं नाही. पण सगळं ठरलं असंही कुणी म्हणालं नाही. मी वाट बघत होते. मग परवा एक भलाथोरला लेथचा दांडा आला, ह्यांच्या तरुणपणीच्या यंत्रांचा भाऊ शोभेल असा. ह्यांना भरतं आलं. सुनेने सांगायच्या आधीच फळीवर चढून हलक्या दाबाचं खोकं काढलं आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखे उभे राहिले.

"हीच ना?"

"नाही, बाबा. याला जोराची. हा सावकाश फिरतो आणि धक्के खातो. याला घट्टच हवं."

हे खोकं घेऊन थेट वर माझ्याकडे आले. दम लागला होता. "अगं, ऐकलंस? ती म्हणते, आता घट्ट!"

"मग घट्ट."

"अगं, जन्मभर मी घट्ट म्हणत होतो. तिने सैल करायला लावलं. आता मी सैल म्हणतो तर म्हणते घट्ट! मला तर काही कळेनासं झालंय. तुला पटतंय का हे?"

मी म्हटलं, "मला तर सैलही पटलं नव्हतं."

ते खुर्चीत बसले आणि हातातल्या खोक्याकडे बघत राहिले. मी पाणी दिलं. ते अर्धं प्यायले असतील नसतील, तोच खालून हाक आली, "बाबा! जोराचं खोकं आणताय ना?"

"आणतो, आणतो!" असं म्हणत हे लगबगीने उठले आणि जिना उतरायला लागले. हातात अजून ते हलक्याचंच खोकं होतं.